किडनीची वाट पाहताना देवाकडे नेमकं काय मागायचं?

प्रवरेकाठची

सर्वांना सलाम.

प्रश्न सरळच विचारते. माझे यजमान डायलिसिसवर आहेत. मेंदूमृत दात्याची किडनी मिळावी म्हणून पुण्याच्या एका हॉस्पिटलमार्फत त्यांचं नाव यादीत लागलंय. आणि इतकी वर्षं रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करणाऱ्या मला गेल्या पावसाळ्यापासून ती करताच येत नाही. देव आहे, तो ऐकतो, यावर माझा विश्वास आहे. त्याच्याकडे मागायचं काय, तिथे मी अडले आहे.

आधी घरची हकीकत सांगते. आम्ही श्रीरामपूर तालुक्यातले, घराणं चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. मी शाळेत शिकवते, हे साखर कारखान्यात होते. बीपीनं दोन्ही किडन्या गेल्या आणि करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. महात्मा फुले योजनेत बसतं, त्यामुळे पैशाचा भार त्या मानानं कमी. ह्यांचा रक्तगट ओ, माझा बी. म्हणजे माझी किडनी ह्यांना सरळ चालत नाही. सासूबाईंचा ओ आहे, पण त्यांना मधुमेह. डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच नाही म्हणून सांगितलं. दीर तयार होते, त्यांच्या तपासणीत एकाच किडनीचं काम कमी निघालं. उरली ती यादी.

घरात सगळ्यात मोठी गोष्ट पाणी. सकाळी एका बाटलीत दिवसाचं पाणी मोजून ठेवते. चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं त्यातच बसवायचं. उन्हाळ्यात बर्फाचा खडा तोंडात धरून बसतात. भाजी चिरून भिजत घालायची, उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम उतरतं. केळं, शहाळं घरात येत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. त्या इवल्याशा पेल्यातला द्राक्षरससुद्धा हे दिवसाच्या पाण्यात धरतात. घरी आले की बाटलीतलं तेवढं पाणी तुळशी-मोगऱ्याच्या कुंडीत ओततात, काही न बोलता. रात्री झोपायच्या आधी मी ह्यांच्या डाव्या मनगटावर, फिस्टुलावर (डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून ऑपरेशननं जोडलेल्या नसेवर) दोन बोटं ठेवते. आत रक्ताची घरघर बोटांना लागते. लागली की फिस्टुला चालू आहे. मग दिवा घालवते.

आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं जीव लावणारी आहेत. डायलिसिसच्या दिवशी कुणी ना कुणी डबा आणून देतं. पण तोंडी एकच, "परमेश्वराची वाट पाहा, त्याची वेळ अचूक असते." एका सभेत पाहुणे प्रचारक म्हणाले, विश्वास पुरा असता तर यंत्राची गरजच उरली नसती. हे पुढच्या रांगेत बसले होते, बाहीखाली सुयांच्या जागी चिकटपट्टी लावलेली. त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आता मूळ गोष्ट. जुलैत एका रात्री झोपायच्या वेळी हॉस्पिटलच्या प्रत्यारोपण कोऑर्डिनेटरचा फोन आला. ओ गटाचा दाता आहे, तुम्ही स्टँडबायवर आहात, काही खाऊपिऊ नका आणि निघा. एका किडनीसाठी दोघा-तिघांना बोलावून घेतात, कारण क्रॉसमॅच, म्हणजे दात्याशी रक्त जुळतं का ती चाचणी, कुणाचा जुळेल ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. दिरांनी गाडी काढली. पाऊस कोसळत होता. नगर ओलांडून शिरूर येईपर्यंत माझ्या तोंडात एकच, "प्रभू, ही आम्हाला मिळू दे. आम्हालाच मिळू दे."

ह्यांचं रक्त घेऊन आम्हाला बाहेर बसवलं. समोरच्या बाकावर एक बाई बसली होती, माझ्याच वयाची असेल. मांडीवर हॉस्पिटलनं दिलेली प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत पुरुषाचं घड्याळ, कमरेचा पट्टा आणि मोबाइल. मोबाइल वाजत होता. ती उचलत नव्हती आणि बंदही करत नव्हती. वाजून थांबायचा, पुन्हा वाजायचा. ती कोण हे मला कुणी सांगितलं नाही, सांगतही नाहीत. पण मला जे समजायचं ते समजलं.

ह्यांचा क्रॉसमॅच जुळला नाही. किडनी दुसऱ्या पेशंटला गेली, कॉलेजात जाणारा मुलगा होता. परतताना हे म्हणाले, "पोराला मिळाली, बरं झालं." मी गप्प होते. वाटेत मी जे मागत होते, ते मिळायला त्या बाईचं माणूस जायलाच हवं होतं, हे तोवर माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

तेव्हापासून गुडघे टेकले की तो मोबाइल ऐकू येतो. "किडनी मिळू दे" म्हणणं म्हणजे "कुणीतरी जाऊ दे" म्हणणंच नाही का? आणि तसं असेल तर मी धीर धरून वाट कशाची पाहते आहे? पाळकसाहेबांना विचारलं, ते बराच वेळ बोलले, पण माझ्या प्रश्नाला कुठे हात लागला नाही.

ज्यांनी अशी वाट पाहिली आहे त्यांनी कृपया लिहा. धर्म कुठलाही असो. वचनं मला पाठ आहेत, नुसती वचनं पाठवू नका.


मिरजेची सिस्टर

सलाम ताई. नुसतं वचन पाठवत नाही. पण एका उताऱ्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही, आणि त्याआधी थोडं नोकरीतलं.

मी निवृत्त परिचारिका आहे. बरीचशी नोकरी आयसीयूत गेली. तुमच्या मनात जे बसलंय त्यातला एक भाग मी तिथून पाहिलेला आहे. अपघाताचा पेशंट येतो तेव्हा त्या खाटेजवळ उभ्या असलेल्या एकाही माणसाच्या डोक्यात यादी नसते. आम्हाला ती माहीतही नसते. मेंदूमृत ठरवणारे चार डॉक्टर असतात, त्यांत प्रत्यारोपण करणाऱ्या टीमचा कुणी चालत नाही, कायदाच तसा आहे. तपासणी दोनदा करायची, मध्ये निदान सहा तास गेले पाहिजेत. त्या सहा तासांत मी पेशंटची कूस बदलली आहे, डोळ्यांत थेंब घातले आहेत, आई बाहेरून काचेतून बघते म्हणून केस नीट विंचरले आहेत. तुमची गाडीतली प्रार्थना त्या खाटेपर्यंत पोचून कुणाचा श्वास काढून घेत नाही. तिथला निकाल लागल्यानंतरच तुमचा फोन वाजतो. त्या बाईचा माणूस तुम्ही श्रीरामपुरातून निघालात तेव्हा गेलेलाच होता.

आता उतारा. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायातलं बेथेस्दाचं तळं. अडतीस वर्षं आजारी असलेला माणूस. तुम्हाला पाठ असेल, पण स्टँडबायची रात्र डोळ्यांपुढे ठेवून पुन्हा वाचा. पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा होणार, अशी तिथली समजूत. येशू विचारतो, बरं व्हायची इच्छा आहे का? तो माणूस हो म्हणत नाही. तो म्हणतो, मला तळ्यात सोडायला कुणी नाही, मी जातो तोवर दुसराच माझ्याआधी उतरतो. ही तक्रार आहे ताई, आणि अगदी तुमची तक्रार आहे. येशू तिला तक्रार म्हणत नाही, अविश्वास म्हणत नाही. विश्वास किती आहे हे तर तो विचारतच नाही. तुमच्या त्या पाहुण्या प्रचारकांनी हा अध्याय काढून बघावा.

एक गोष्ट मला मात्र कायम टोचत आली आहे. त्या तळ्याच्या पाच पडव्यांत आंधळे, लंगडे, लुळे, पुष्कळ जण पडून होते. त्या दिवशी उठला एकच. बाकीच्यांचं काय झालं ते योहान लिहीत नाही. आयसीयूत नोकरी केल्यामुळे असेल, मी तो भाग घाईनं वाचू शकत नाही. उत्तर माझ्याकडे नाही. पण येशू त्या पडव्यांत पडलेल्या माणसांमध्ये आला, एवढं त्या पानावर आहे, आणि मला आजवर त्याचाच आधार झाला.

प्रार्थना येत नसेल तर स्तोत्र १३ घ्या. दावीद पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा "कुठवर" विचारतो. देवाच्या पुस्तकात ते छापलेलं आहे, म्हणजे विचारायला परवानगी आहे. लाजर गेला तेव्हा मार्था आणि मरीया दोघींनीही येशूला तेच ऐकवलं, तू इथे असतास तर भाऊ मेला नसता. निरोप मिळूनही तो दोन दिवस होता तिथेच थांबला होता, त्याचा त्यांना राग होता. तो त्यांच्यावर रागावला नाही. रडला.

फिस्टुला रोज बघता हे फार चांगलं करता. घरघर कमी लागली किंवा बंद वाटली तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच सेंटरला फोन करा. त्या हाताला बीपी मोजू देऊ नका, घड्याळ नको, त्या कुशीवर झोपणं नको.


माळशिरसचा वारकरी

राम कृष्ण हरी ताई.

धर्म कुठलाही असो म्हणालात म्हणून लिहायचं धाडस करतो. मी पण मशीनवरचाच माणूस. अकलूजला जातो. वय झालं, हृदयाचं पंपिंग कमी आहे, त्यामुळे मला यादीत घेतलं नाही. डॉक्टरांनी खुर्ची ओढून समोर बसून समजावलं, भूल सोसणार नाही म्हणाले. म्हणजे मी वाट बघतोय पण किडनीची नाही. लोक विचारतात मग कशाची. त्याचं उत्तर मला पंढरीच्या वाटेवर मिळालंय, ते सांगतो.

वडिलांचं बोट धरून वारी सुरू केली. आषाढीला दर्शनबारी कुठवर जाते ते ऐकून असाल, पदस्पर्शासाठी दिवस-दिवस उभं राहावं लागतं. आमचे वडील कित्येक वर्षं बारीला उभेच राहिले नाहीत. चंद्रभागेत स्नान, नामदेव पायरीवर डोकं, कळसाकडे बघून हात जोडायचे आणि परतीची वाट. मी लहान होतो, मला वाईट वाटायचं की एवढं चालून विठोबा बघितलाच नाही. त्यांना तसं कधी वाटलं नाही. वारी पावली म्हणायचे. त्यांच्यासारखे हजारो लोक असतात, कळस बघून समाधानानं घरी जाणारे. तुमचे यजमान "पोराला मिळाली, बरं झालं" म्हणाले ना, ते वाचून मला आमचे वडील आठवले. त्या माणसाला माझा नमस्कार सांगा.

दुसरं पुंडलिकाचं. देव दारात आला, पुंडलिक आईबापाचे पाय चेपत होता. उठला नाही. वीट फेकली आणि म्हणाला, थांब यावर, माझं काम व्हायचंय. देव थांबला. कंबरेवर हात ठेवून अजून थांबलेला आहे. आम्ही आरतीत अठ्ठावीस युगं म्हणतो. आमच्याकडे वाट बघणारा तो आहे ताई. भाजीचं पाणी ओतणारी, रात्री हातावर बोटं ठेवून बघणारी तुम्ही. तुम्हाला प्रार्थनेला वेळ झाला, शब्द सुचले नाहीत, चार महिने गुडघे टेकवता आले नाहीत, तर तो निघून जाईल असं मला वाटत नाही. आजाऱ्याच्या सेवेपायी देवाला थांबवलेलं त्याला चालतं, पंढरपूर त्यावरच उभं आहे.

मी काय करतो विचाराल तर, सुया टोचल्या की हरिपाठ सुरू करतो. माउलींचा हरिपाठ संपला तरी मशीनचे तास संपत नाहीत, मग पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या खुर्चीवर एक मुसलमान मास्तर असतात, त्यांची तसबीह, म्हणजे जपमाळ, चालू असते. पायात गोळे आले की दोघंही थांबतो, सिस्टरला हाक मारतो, गोळा उतरला की पुन्हा चालू. पाण्याची तहान मात्र हरिपाठानं जात नाही, ते खोटं कशाला सांगू. लवंग तोंडात धरा म्हणावं साहेबांना. जरा बरं वाटतं.


दुसरी खेळी

ताई, मला २०१९ साली मेंदूमृत दात्याची किडनी मिळाली, पुण्यातच. श्रद्धेबद्दल वर दोघांनी लिहिलंय त्यापुढे मी काय लिहिणार. पण वाट पाहण्याच्या काळात हाताशी करण्यासारखं बरंच असतं आणि ते कुणी एका जागी बसून सांगत नाही.

स्वॅपसाठी नाव दिलंय का? तुमच्या पोस्टमध्ये त्याचा उल्लेख नाही. स्वॅप म्हणजे दोन कुटुंबांनी दात्यांची अदलाबदल करायची. २०११ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात त्याची सोय झाली, दाता जवळचा नातेवाईक हवा. तुमची जोडी बी दाता आणि ओ रुग्ण. तुम्हाला हवी ओ दाता आणि बी रुग्ण अशी जोडी. खरं सांगायचं तर ती दुर्मीळ. कारण ओ गटाचा दाता बीला सरळच देऊ शकतो, तो स्वॅपकडे येतो ते क्रॉसमॅच अडला तरच. पण असे अडणारे असतात. तीन जोड्यांची साखळीही जुळवतात. यादीतलं नाव कायम ठेवून स्वॅपला नाव देता येतं का, ते कोऑर्डिनेटरला स्पष्ट विचारा.

दुसरा मार्ग, रक्तगट न जुळताच प्रत्यारोपण. ह्यांच्या रक्तात बी गटाविरुद्धच्या अँटिबॉडी किती आहेत ते टायटर तपासून कळतं. प्लाझ्मा बदलून आणि औषधांनी त्या खाली आणतात. खर्च जास्त, जंतुसंसर्गाची भीती जास्त, सगळ्यांना झेपत नाही. पण टायटर किती हे माहीत असलेलं बरं.

यादीत असलेल्यानं सांभाळायच्या गोष्टी: रक्त अगदीच गरज असल्याशिवाय चढवू देऊ नका, दुसऱ्याच्या रक्तानं अँटिबॉडी वाढतात आणि पुढे क्रॉसमॅच अडतो. हिमोग्लोबिनसाठी इंजेक्शनं असतात. हिपॅटायटिस बीची लस पूर्ण झालीय का बघा. दात दाखवून घ्या, कीड असेल तर आधी उपचार, ऐन वेळी दाढेतल्या पूमुळे मागे फिरलेला माणूस मी पाहिलाय. ताप, खोकला, जखम असली तरी किडनी पुढच्याला जाते. फोन नंबर तीन देऊन ठेवा. गाडी कोणाची, पैसे कुठले, कागद कुठल्या पिशवीत, हे ठरलेलं असू द्या. डायलिसिसवर किती काळ आहे याचेही गुण धरतात, म्हणजे गेलेली वर्षं हिशेबातून वाया जात नाहीत.

आणि तो अपराधीपणा. माझा ऑपरेशननंतरही गेला नाही. आधी वाटायचं मिळाली की संपेल. उलट पहिल्या दिवशी लघवीची पिशवी भरताना पाहिली आणि रडू आलं, आनंदाचं का कसलं ते माझं मलाच कळेना. पुढे तो सगळा गोळ्यांच्या वेळांत उतरला. सकाळी आठ, रात्री आठ. लग्नात असो, एसटीत असो, गजर झाला की गोळी. वस्तू दुसऱ्याची आहे, ती माझ्या आळसानं खराब होता कामा नये. दात्याचं नाव मला ठाऊक नाही, कधी कळणारही नाही. रोज दोनदा त्याची आठवण होते, ती अशी.


वऱ्हाडातली आई

बाई, मी इथं फक्त वाचत असते. लिहीत नाही. मुलीकडून टाइप करून घेते आहे.

तुम्ही जिच्याबद्दल लिहिलंत, पिशवी मांडीवर घेतलेली, ती मी नाही. आमचं नागपूरला झालं. पण तशी पिशवी माझ्या मांडीवर होती. माझ्या मुलाची. चोवीस वर्षांचा होता. गाडीवरून येत होता, हायवेला ट्रॅक्टर उभा होता, दिवा नव्हता त्याला.

दोन दिवस मी आयसीयूच्या बाहेर गजानन महाराजांची पोथी घेऊन बसली होती. एकवीस अध्याय वाचून व्हायचे, की पुन्हा पहिला. मागणं एकच, डोळे उघडू दे. तेवढ्या वेळात कुठेतरी कुणीतरी बाई माझ्या पोराच्या किडनीसाठी देवाला विनवत असेल, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आज माहीत आहे. आणि तुम्हाला सांगते, तुमच्या प्रार्थनेनं माझा पोरगा गेला, असं मला एक दिवसही वाटलं नाही. तो ट्रॅक्टरला दिवा नव्हता म्हणून गेला. रस्त्यात अंधार होता म्हणून गेला. तुम्ही ते तुमच्या अंगावर घेऊ नका. ते माझं आहे.

डॉक्टरांनी दोनदा तपासलं आणि सांगितलं. मग एक मुलगी आली, बाजूला बसली, बराच वेळ काहीच बोलली नाही. नंतर हळूच विचारलं. यजमान भडकले. म्हणाले, अजून छाती हलते आहे त्याची, आणि तुम्ही वाटून घ्यायला आलात. त्यांचंही बरोबरच होतं, मशीनवर छाती हलतच होती. नातेवाईक म्हणाले, अवयव दिले तर पुढच्या जन्मी तसाच जन्मेल. माझी सासू, शाळेचं तोंड न पाहिलेली, ती म्हणाली, जाळून राख करायची तेव्हा कोणता अवयव सोबत जातो? तिच्या त्या एका बोलण्यावर आम्ही सही केली. सही केली तेव्हा माझा हात कोणी धरला होता ते मला आठवत नाही.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं आहे. मरायचं ते माणूस मरतं, तुम्ही मागा की न मागा. पण त्या बाहेरच्या बाकावर जे घर बसलेलं असतं, त्याला अर्ध्या रात्री, डोकं बधिर झालेलं असताना, हो की नाही ते ठरवायचं असतं. तिथं प्रार्थना लागते बाई. फार लागते. आमच्यासाठी कोणी केली असेल तर ती मला पोचली असं मी समजते, कारण हो म्हणायची ताकद माझी नव्हती. तुम्हाला मागायचंच असेल तर त्या घरासाठी मागा. त्यांच्यात भांडण होऊ नये. त्यांना नीट समजावणारं माणूस मिळावं. त्यांचं हो झालं तर नंतर पस्तावा होऊ नये. आणि नाही म्हणाले तरी त्यांना कोणी बोल लावू नये.

मी पण वाट बघते आहे. माझी वाट या जन्मातली नाही, तेव्हा त्याबद्दल काय लिहू. शेगावला जाते, पारायण करते, मन थोडं बसतं, पुन्हा उठतं. महाराजांवर रुसली होती मी, वर्षभर पोथी उघडली नाही. मग उघडली.

किडनी बसली की पाणी भरपूर पी म्हणून सांगतात, असं मी ऐकलं आहे. ज्याला माझ्या पोराची मिळाली त्यानं पोटभर पाणी प्यावं. एवढंच मी त्याच्यासाठी मागते.


प्रवरेकाठची

आई, तुमचं लिहिणं मी ह्यांना वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला आले आणि मला पुढे वाचता आलं नाही, त्यांनी फोन हातातून घेतला आणि स्वतः वाचलं. तुम्हाला काय म्हणावं कळत नाही. तुमच्या मुलासाठी आज आमच्या घरात प्रार्थना झाली. नाव माहीत नव्हतं, तरी झाली. त्या रात्रीनंतर पहिल्यांदाच मी मोठ्यानं बोलले.

बुधवारी आमच्याकडे घरोघरी प्रार्थनासभा असते, या वेळी पाळी आमची आहे. पाळकसाहेबांना मी आत्ताच कळवलंय की विनंतीच्या यादीत ह्यांच्या नावाआधी एक ओळ घाला: आज रात्री ज्यांना हो किंवा नाही ठरवायचंय त्या घरांसाठी. कारण विचारलं, तर आई, तुमचं लिहिणं त्यांना दाखवू का? तुमची परवानगी असेल तरच.

सिस्टर, पडव्यांमधल्या बाकीच्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते फार खरं वाटलं. स्तोत्र १३ काढलंय. माळशिरसचे काका, लवंग सुरू केली, आणि तुमचा नमस्कार पोचवला. हे म्हणाले, पालखीच्या वेळी काकांच्या गावाला जाऊन यायचं, मशीनच्या दिवसांतून वेळ काढून.

दुसरी खेळी, स्वॅपला आमचं नाव दिलेलं नाही. त्यांनी एकदा विषय काढला होता, पण ओ आहे म्हणून जमणं कठीण म्हणाले आणि ते तिथेच राहिलं. शुक्रवारी पुण्याला तपासणीला जायचं आहे. काय-काय नेऊ?


दुसरी खेळी

दोघांची आधार कार्डं, लग्नाचा दाखला (नसेल तर चर्चच्या लग्ननोंदीचा उतारा चालतो का ते आधी फोनवर विचारा), दोघांचे रक्तगटाचे मूळ रिपोर्ट, तुमची सोनोग्राफी आणि साखर-बीपीचे ताजे रिपोर्ट असतील तर ते, ह्यांचा शेवटचा क्रॉसमॅच आणि अँटिबॉडीचा रिपोर्ट. जुलैत रक्त घेतलं होतं म्हणजे तो फाइलला असणार, नसेल तर मागून घ्या. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. सकाळी लवकर पोचा, कोऑर्डिनेटर ओपीडी सुरू व्हायच्या आधी भेटतात, नंतर वॉर्डात जातात आणि सापडत नाहीत. ओ आहे म्हणून कठीण, असं पुन्हा म्हणाले तर म्हणा, कठीण आहे ते माहीत आहे, तरी नाव लावा. नोंद झाल्याची पावती घेतल्याशिवाय निघू नका.


वऱ्हाडातली आई

दाखवा बाई. खुशाल दाखवा.